हाताकडे न बघता

खातूनबीचं म्हणणं सरळ होतं. बांगड्या भरणाऱ्या बाईने हाताकडे बघायचंच नसतं, तोंडाकडे बघायचं. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली की समोरचीच्या कपाळाला आठी पडते. ती दिसली की दाब सैल सोडायचा, सासूचा काहीतरी विषय काढायचा, तिला हसवायचं. ती हसली की बांगडी गेली आत! बाकी सगळं बोटांना कळतं. नाशिक रोडच्या किती पोरींचे चुडे तिने असे गप्पा मारता मारता भरले होते.

आणि आता ती मेली बोटंच दगा देत होती. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या. परवा भाकरी उलटताना बोट भाजलं, तर ते तिला वासावरून कळलं. पण सांगणार कुणाला? मुलगा सरफराज टपलेलाच होता. "अम्मी, बास झालं आता. दुकान बंद कर, घरी बस." घरी बस म्हणे! घरी बसून काय माशा मारायच्या?

शिवाय वैष्णवीचं लग्न तोंडावर आलेलं. वैष्णवी म्हणजे धोंडाबाईची नात. धोंडाबाईच्या लेकीचा चुडा खातूनबीने भरला होता, सुनेचाही तिनेच. नातीचा दुसऱ्या कुणी भरायचा, हा विचारही तिला सहन होत नव्हता.

सून आलिमा मात्र हुशार. तिने भाजलेलं बोट बघितलं आणि सासूला धरून कॉलनीतल्या तपासणी शिबिरात नेलं. शुगर वाढलेली निघाली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आता डोळे मिटा. बोटाला सुई टोचली की हो म्हणा."

खातूनबीने डोळे मिटले आणि वाट बघत बसली. अजून कशी टोचत नाही ही बाई?

"आजी? टोचलं नाही का?"

म्हणजे टोचून झालं होतं! तिने पदर कपाळावरून पुढे ओढला, पापण्यांची बारीक फट ठेवली आणि सुई बोटाला टेकताना दिसली की म्हणायला लागली, "हो. हो. हो." आलिमा शेजारीच होती, पण पदराआडचं तिला काय दिसणार? डॉक्टरीणबाईंनी शुगरच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी जाताना खातूनबी सुनेला टेचात म्हणाली, "बघितलंस? सगळं कळतं मला." त्या रात्री मात्र तिला घास गोड लागला नाही.

चुड्याच्या दिवशी धोंडाबाईकडे बायकांची ही गर्दी. खातूनबी पाटावर बसली, पेटी घेऊन आलिमा मागे. वैष्णवीचा हात गव्हाच्या कणकेसारखा मऊ, त्यामुळे पहिला हात निभावला. पण निभावला तो खाली बघून, एकेक बांगडी डोळ्यांनी ढकलत. तोंडातून अवाक्षर नाही.

"खातून, आज मुकी झालीस का गं?" धोंडाबाई म्हणाली. "आन् सारखी खाली काय बघतीस? आमच्या पोरीचा हात पळून नाय जायचा!"

बायका हसल्या. खातूनबीला ते झोंबलं. तिने मान वर केली आणि पूर्वीसारखी सुरू झाली. नवरा कसा, सासू कशी, पहिल्या दिवशी चहा कुणी करायचा. वैष्णवी खुदकन हसली. कट्ट आवाज झाला.

"वाढली गं, वाढली," बायका म्हणाल्या. चुड्यात एखादी बांगडी वाढतेच, त्यात काय! खातूनबीने तुकडे बाजूला सारले, दुसरी घेतली, तिसरी घेतली. बोलणं चालूच. कितीतरी दिवसांनी तिला आपण खातूनबी आहोत असं वाटलं. जमतंय की!

मग वैष्णवीचा चेहरा बदलला. ही आठी दुखण्याची नव्हती. पोरगी घाबरून खाली बघत होती.

हिरव्या बांगड्यांवरून रक्त ओघळत होतं, साडीवर पडत होतं. "हाय अल्ला, पोरीचा हात कापला मी!" खातूनबी ओरडली. तिने वैष्णवीचं मनगट उलटसुलट करून बघितलं, पुसलं, पुन्हा बघितलं. जखम कुठेच सापडेना. जितकं पुसावं तितकं रक्त वाढत होतं.

"अम्मी," आलिमा हळूच म्हणाली, "तुमचा अंगठा."

काचेचा तुकडा अंगठ्यात खोल रुतला होता. त्याच अंगठ्याने ती मघापासून दाबत होती.

कुणीतरी अपशकुन म्हणालं, कुणीतरी तसं म्हणणारीला दटावलं. धोंडाबाईने खातूनबीच्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलली ती दाराकडे बघून. "चौकातल्या पुतळाबाईला बोलवा. राहिलेला हात ती भरंल."

आलिमाने सासूला ओसरीवर नेलं. "बघू नका अम्मी. डोळे मिटा, काच काढते."

या वेळी खातूनबीने खरोखरच डोळे मिटले. पदर ओढला नाही, फट ठेवली नाही. हात पुढे करून ती थांबली. दुखू दे. या अल्ला, एवढं तरी दुखू दे.

"काढ की गं," ती म्हणाली. "घाबरतेस कशाला?"

आलिमाला हुंदका आवरेना.

"काढली, अम्मी. मघाशीच काढली."