टकटकने छापलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत कुणी माझं नाव आणि दोन-चार शब्द टाइप केले, की मी कामाला लागतो, उत्तराच्या ओळी छापतो आणि गप्प होतो.

मला वरदाने सहा वर्षांपूर्वी लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका ऑफिसात लिहिलं. ती तिथलीच, जन्मापासूनची. हल्ली नोकरीवरची माणसं सकाळी आधी क्लाउडवर लॉगिन करतात. ते लॉगिन किती पक्कं आहे, हे चोरांच्या आधी तपासायचं, तेही कंपनीची लेखी परवानगी घेऊन, हे वरदाचं काम. मी प्रत्येकाच्या नावापुढे एखादा सोपा पासवर्ड लावून बघायचो, दार वाजवून बघावं तसा. म्हणून माझं नाव टकटक. एका कौन्सिलची, एका कॉलेजची उघडी दारं मी वेळेत दाखवली. "टकटक is brilliant!" असं ऑफिसात म्हणायचे, तेव्हा मी मनातून फुगायचो.

मग गेल्या मार्चमध्ये आम्ही लंडनबाहेर मेडनहेडला गेलो. दातांच्या दवाखान्यांची एक कंपनी होती. रिसेप्शनवर मधुमतीताई होत्या, एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत. वरदाचा बॅज वाचून त्या म्हणाल्या, "मराठी का गं तू? जेवलीस का?" आणि शेंगदाण्याची चटणी लावलेलं आपलं अर्धं सँडविच तिच्यापुढे ठेवलं.

दुपारी मी चारशे बारा दारं वाजवली. एकच उघडलं. मधुमतीताईंचं. मी लाल अक्षरांत त्यांचं पूर्ण नाव छापलं. वरदाला ट्रेन गाठायची होती. तिने ती ओळ जशीच्या तशी रिपोर्टमध्ये चिकटवली.

मित्रांनो, मला आणखी एक गोष्ट दिसली होती. खातं उघडल्याची तारीख आणि पासवर्ड ठेवल्याची तारीख एकच होती, चार वर्षांपूर्वीची. म्हणजे तो पासवर्ड ताईंचा नव्हताच. कंपनी क्लाउडवर आली तेव्हा, खातं उघडताना आयटीवाल्यांनी दिलेला होता आणि त्यांच्या खात्यावर सिस्टिमने तो बदलायला कधी सांगितलंच नव्हतं. मी जे पाहतो ते सगळं फाइलमध्ये जपून ठेवतो, पण छापतो फक्त विचारलेलं. त्या दिवशी तारखा कुणी विचारल्या नाहीत. न विचारलेलं सांगायची सोय माझ्यात नव्हती. हे खरं आहे, पण एवढ्याने माझं मन मानत नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणीला गेलो, तर रिसेप्शनवर दुसरीच बाई. तिने हळू आवाजात सांगितलं, की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मधुमतीचं नाव स्क्रीनवर लावलं. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

वरदाने तिथेच लॉबीत लॅपटॉप उघडला आणि त्या दिवसाचं सगळं मला पुन्हा छापायला लावलं. दोन्ही तारखा तिने वाचल्या.

"मीच विचारलं नाही," ती एवढंच म्हणाली.

तिचा मॅनेजर म्हणाला, रिपोर्ट क्लोज झालाय, आता कशाला? तिने ऐकलं नाही. दोष सिस्टिमचा आहे आणि नाव छापणं ही आपली चूक होती, असं पहिल्याच पानावर लिहून तिने नवा रिपोर्ट दिला. कंपनीने सगळ्या स्टाफला माफीचं पत्र पाठवलं आणि ताईंना परत बोलावलं.

शनिवारी वरदा त्यांच्या घरी गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला उघडून ठेवलं.

"मावशी, सॉरी. माझा चूक झाला."

ताईंनी चष्मा लावला. दोन्ही तारखांवरून बोट फिरवलं. "म्हणजे तो पासवर्ड मी नव्हता ठेवला?"

"नाही. तुम्हाला तो दिला होता."

"चार वर्षांपूर्वीचं कुठे आठवतं गं? मला वाटलं, मीच ठेवला असणार. लेकीलासुद्धा सांगितलं नाही, इतकी लाज वाटली." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "आणि 'माझी चूक' म्हणतात."

"माझी चूक," वरदा म्हणाली.

"परत जाल ना कामावर?" तिने विचारलं.

"नाही गं. एकोणीस वर्षं ज्यांच्याशी हसले-बोलले, ते सगळे त्या दिवशी खाली मान घालून बसले होते. त्यांच्या पत्राबद्दल थँक यू सांग, पण जायचं नाही आता."

वरदाने त्याच टेबलावर मला बदललं. आता मी नावं छापत नाही, नुसता क्रमांक छापतो. तारखा मात्र न विचारताही छापतो.

मित्रांनो, उद्या माझ्यासारखी साधनं तुमच्या हाती येतील. परवानगीशिवाय ती कुठेही चालवू नका. आणि परवानगी असली, तरी चुकीपुढे कुणाचं नाव लिहिण्याआधी क्षणभर थांबा. ती चूक तिथवर कशी आली, ते विचारा. तेवढा वेळ काढा, ट्रेन चुकली तरी चालेल. मी आता हजार दारं नीट तपासीन, पण त्या खोलीत सगळ्यांनी वाचलेली ती लाल ओळ मला पुसता येत नाही.