शमिका काय म्हणते

शमिकाचं बोलणं अख्ख्या जगात एकाच माणसाला कळायचं, आणि ते माणूस म्हणजे तिची आई, तुळसा. बाकीच्यांना ते नुसतं घशातून आलेलं 'आँ-ऊँ' वाटे. जन्मापासून शमिकाचे हातपाय ताठर, जीभ त्याहून हट्टी. डोकं मात्र असं धावतं की त्याला आवरताना तिचीच दमछाक व्हायची. म्हणून पावसच्या त्यांच्या वाडीत रीतच पडून गेली होती. कोणी आलं की शमिकाकडे बघून हसायचं आणि तुळसाला विचारायचं, "काय म्हणते गो शमिका?" मग तुळसा सांगायची. शमिकाला त्यात काही वावगं वाटत नसे. विहिरीतलं पाणी नळातून येतं, तशी आपली वाक्यं आईच्या तोंडून येतात, एवढंच.

चौथीपर्यंत ती शाळेत जात होती. शाळा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, आणि वर जायला पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उभी वाट. तुळसा तिला कडेवर घेऊन चढायची. मग मुलगी वाढली, आईची कंबर गेली, आणि शाळाच घरी आली. तुळसाने काजूच्या कारखान्यातलं काम सोडलं. आंब्याच्या जुन्या पेटीची फळी काढून घासली आणि तिच्यावर लाल रंगाने अक्षरं, काने, मात्रा काढल्या. शमिकाचा उजवा हात थोडं ऐकायचा. त्याचं एक बोट अक्षराअक्षरावर टेकवत ती ओळ जुळवायची. चहा निवून जायचा, पण ओळ पुरी व्हायची.

जहाज पाण्यावर तरंगतं कसं, हे आईने बादलीत करवंटी सोडून शिकवलं होतं. शमिकाने करवंटीला असा काही फटका मारला की बादली आडवी आणि मायलेकी चिंब. पण धडा डोक्यात बसला तो बसलाच.

आता शमिका चौदा वर्षांची होती आणि आपल्याला पुष्कळ काही येतं हे तिच्या नुकतंच ध्यानात आलं होतं. असं ध्यानात आलेलं माणूस गप्प बसतं होय?

तिचे बाबा, दीपक, मुंबईत एका लॉन्ड्रीत कामाला. ते पाठवायचे त्यात दोन ठिकाणचे संसार भागत नव्हते. आईने कारखान्यात परत जायचं ठरवलंही होतं, आणि आई गेली की शमिकाची शाळा बंद. दिवसभर खाट, छप्पर आणि पाली. तेवढ्यात कळलं की घरी शिकणाऱ्या दिव्यांग मुलांच्या घरच्यांना सरकारी भत्ता मिळतो. तुळसाने अर्ज केला आणि तालुक्याहून वैदेही मॅडम मुलीला बघायला येणार असा निरोप आला.

शमिकाने त्यांच्यासाठी एक वाक्य तयार केलं. 'जयगडच्या बंदरात एवढी मोठी जहाजं येतात, ती बुडत का नाहीत, सांगू?' आठवडाभर मनातल्या मनात घासून तिने ते तांब्याच्या कळशीसारखं लख्ख केलं होतं.

मॅडम यायच्या त्या सकाळी शेजारच्या कमळाकाकी टपकल्या.

"तुळसा, एक सांगते. पोरीची हुशारी दाखवत बसू नको हां. हुशार दिसली की म्हणतील, घाला शाळेत. नाव कापतील. जेवढं वाईट दिसेल तेवढं बरं."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं कसलं? गप्प बसायचं. गप्प बसण्यावर काय सरकार कर लावतं?"

शमिका खाटेवरून ऐकत होती आणि तिला हसू येत होतं. कमळाकाकींनी पाऊस सांगितला की वाडीतले लोक बिनधास्त वाळवणं घालत, असा त्यांचा लौकिक. आई कसली ऐकते त्यांचं.

पण काकी गेल्यावर आईने अक्षरांची फळी उचलली आणि माळ्यावर टाकली.

"फळी कशाला वर?" शमिकाने विचारलं.

"पाहुणे यायचेत. पसारा नको."

मग आईने कपाटावरची बाहुली काढली, झटकली आणि शमिकाच्या मांडीवर ठेवली. गुलाबी फ्रॉकची, गेल्या गणपतीत बाबांनी आणलेली. तेव्हाच शमिकाला तिचा वैताग आला होता.

"ही कशाला?"

"असू दे गो. बरं दिसतं."

कोणाला बरं दिसतं, ते आईने सांगितलं नाही.

वैदेही मॅडम आल्या त्या घामाने भिजून, हातात चपला घेऊन. पाखाडी उतरताना एकीचा अंगठा तुटला होता. शमिकाला त्या तिथेच आवडल्या. पाणी पिऊन त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, खाटेशेजारी जमिनीवर बसल्या.

"शमिका, काय काय शिकतेस घरी?"

शमिकाने श्वास घेतला आणि वाक्य बाहेर काढलं. जयगड, बंदर, जहाजं, बुडणं, सगळं. मान वाकडी झाली, लाळ गळली, पण एकही शब्द गाळला नाही. संपल्यावर तिने आईकडे बघितलं. आता आई सांगेल आणि मॅडमचे डोळे मोठे होतील.

"काय म्हणते?" मॅडमनी विचारलं.

तुळसाने पदराने शमिकाचं तोंड पुसलं. "भूक लागलीय म्हणते. तेवढंच कळतं तिला, मॅडम."

शमिकाला वाटलं, आपलंच चुकलं, आपण नीट बोललो नाही. तिने पुन्हा म्हटलं. सगळं, पहिल्यापासून.

"हो हो, देते हां खायला," आई म्हणाली. आणि तिने शमिकाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

तेव्हा शमिकाला कळलं. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते तिने धड्यात वाचलं होतं. पण खाल्लं जाताना शेताला कसं वाटतं, ते धड्यात कुठे दिलं होतं?

मॅडम म्हणाल्या, "मग खाऊनच घेऊ या आधी. शमिका, भूक लागली असेल तर डोळे मीट. नसेल तर वर बघ."

तुळसाचा हात पदरावरच थांबला.

डोळे मिटले की झालं. आई खरी ठरेल, भत्ता मिळेल, शाळा चालू राहील. पण कोणाची शाळा? जिला फक्त भूक कळते तिची? शमिकाने डोळे ताणून उघडे ठेवले. त्यांत पाणी जमलं, चुरचुरलं, तरी मिटले नाहीत. मग तिने वर बघितलं.

वर माळा होता. माळ्याच्या कडेला फळीचं टोक पुढे आलं होतं, आणि त्या टोकावर लाल 'ज्ञ' होता.

मॅडमनीही वर बघितलं.

"ताई, ते काय आहे?"

मॅडम स्टुलावर चढल्या, फळी काढली, धूळ फुंकली आणि शमिकापुढे धरली. बाहुली खाली पडली. कोणी उचलली नाही. शमिकाचं बोट निघालं. ज. ह. काना. पुन्हा ज.

"जहाज," मॅडमनी वाचलं, आणि हळूच विचारलं, "मघाशी तू हेच सांगत होतीस?"

शमिकाने डोळे मिटले.

मॅडम तुळसाकडे वळल्या. "ताई, हा भत्ता घरी शिकणाऱ्या मुलांचा आहे. ती शिकते का, हेच बघायला आले मी. तिला काहीच कळत नाही असं लिहिलं असतं, तर कशाचा भत्ता दिला असता?"

"मला वाटलं, नाव कापाल."

"मी पाहिलं ते लिहिते. लवकरच मिळेल बहुतेक." जाताना त्या शमिकाला म्हणाल्या, "जहाजाचं उरलेलं पुढच्या वेळी ऐकणार."

म्हणजे शमिका जिंकली. तुम्हाला वाटेल, केवढी खूश झाली असेल. छे.

"तुझ्यासाठीच केलं गो," तुळसा म्हणाली. पोह्यांचा घास पुढे केला. शमिकाने तोंड उघडलं नाही. तिची नजर जमिनीवरच्या बाहुलीवर होती.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बाबांचा फोन आला होता. तेव्हा शमिकाने विचारलं होतं, 'बाबा, कायमचे घरी कधी येणार?' आईने फोन घेऊन पडवीत जाऊन काहीतरी सांगितलं, फोनमधून बाबांचं हसू ऐकू आलं, आणि गणपतीत ही बाहुली घेऊन आले. "घे, मागितली होतीस ना?" शमिकाला वाटलं होतं, बाबांना उत्तर द्यायचं नसेल.

तो प्रश्न बाबांपर्यंत पोचलाच नव्हता. आपल्यामागे अजून काय काय? आत्याला काय सांगितलं होतं? शाळेतल्या बाईंना? चौदा वर्षं जग जिच्याशी हसून बोलत होतं, ती शमिका नक्की कोण होती?

संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मॅडम काय म्हणाल्या ते त्यांनी विचारलं. मिळेल बहुतेक, असं तुळसाने सांगितलं. बाकी काही नाही.

"वा. आणि आमची शमिका काय म्हणते?"

"फळी," शमिका म्हणाली.

तुळसाला ते कळलं. तिच्याशिवाय कोणाला कळणार? तिने फळी आणली, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि फळी शमिकाला आणि फोनला, दोघांनाही दिसेल अशी धरली. शमिकाचं बोट निघालं.

"अगो, हे काय चाललंय? तूच सांग ना पटकन, मालक हाक मारतोय."

तुळसाने तोंड उघडलं. शमिकाने तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"तुम्हीच वाचा," तुळसा म्हणाली.

बाबा वाचू लागले, पहिलीतल्या पोरासारखे अडखळत. "का... य... म... चे. कायमचे. घ... री. कायमचे घरी... क..." आणि थांबले. पलीकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला.

"हे कधीपासून विचारायचंय तिला?"

शमिकाने उत्तरासाठी बोट उचललं. फळी धरलेले आईचे हात थरथरत होते, अक्षरं बोटाखालून निसटत होती. शमिका थांबली. फळी स्थिर झाली, तेव्हा तिने 'गणपती'च्या 'ग'वर बोट टेकलं.