उंबऱ्याखालचं नाणं

सरकारी यादीत आमचं स्वयंपाकघर एकशे ऐंशी वर्षांचं निघालं, तेव्हा ते बांधणारा माणूस आत बसून कांदा चिरत होता.

सौदीतल्या कतीफला झैदशेठच्या खजुराच्या बागेत आम्ही अकरा जण राहतो. मी यासीन, दापोलीचा, ड्रायव्हर. वीस वर्षांत अरबी चांगली आली, म्हणून दुभाष्याचं कामही फुकटात माझ्याच गळ्यात. बाबाजी घाडी मालवणकडचे गवंडी. २००९ साली त्यांनी बागेतल्या पडक्या घरांचे समुद्री दगड गोळा केले, वर खजुराचे वासे टाकले आणि ही खोली उभी केली, कारण मेसमधली कोंबडी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. दाराशेजारी सवयीने दिव्याची देवळी ठेवली. तिथे दिवा कधी लागला नाही. मीठ आणि काडेपेटी असायची.

जुन्या वास्तूंची नोंद करायला आलेल्या मासूमाबाई त्या देवळीसमोर अर्धा तास उभ्या राहिल्या. अशी देवळी या किनाऱ्यावर दुसरी नाही, असं त्यांनी लिहिलं. ते खरंच होतं. भारतीय व्यापाऱ्यांचा प्रभाव, अंदाजे १८४०, हे मात्र त्यांनी मनचं लिहिलं. आठवड्याभरात खोली संरक्षित झाली आणि दाराला कुलूप लागलं. आमचा कुकर आतच राहिला.

"ह्यां मिया बांधलंय," बाबाजी म्हणाले. मी अरबीत सांगितलं.

बाई सज्जन होत्या, हसल्या नाहीत. पुरावा काय, एवढंच त्यांनी विचारलं.

"उंबऱ्याखाली पाचाचां नाणां आसा. त्येच्यार साल आसा. बघा काढून."

चौकट बसवताना उंबऱ्याखाली नाणं ठेवल्याशिवाय त्यांच्या गावचा गवंडी पुढचा दगड उचलत नाही. पण संरक्षित वास्तूचा दगड हलवायला परवानगी लागते, आणि वास्तू संरक्षणाच्या लायकीची आहे का, हे दगड हलवल्याशिवाय कळणार नव्हतं. परवानगीला सात आठवडे लागले. तोवर आम्ही मेसची कोंबडी खाल्ली.

"काका, एक खोली ती," मी एकदा वैतागून म्हणालो. "जाऊ दे ना."

"तीस वर्षां हय भिंती बांधतंय," ते म्हणाले. "खयच्या भिंतीर माझां नाव आसा? ह्या एका भिंतीर तरी लागूंदे. मगे घराक जातंय."

दगड काढायच्या आदल्या दिवशी झैदशेठ आले. मोठ्या खुशीत होते. खोली यादीतून निघाली तर परवाच बुलडोझर आणतो, म्हणाले, पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा हवीच होती. "खलास," असं म्हणून त्यांनी बाबाजींची पाठ थोपटली. मी ते मराठीत सांगितलं. सांगावंसं वाटत नव्हतं.

"पाडूंदेत," बाबाजी म्हणाले. त्या दुपारी ते जेवले नाहीत. कोंबडीच होती, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

उंबरा न फोडता काढणं दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं, म्हणून बाईंनी ते काम त्यांनाच दिलं. त्यांनी आधी चौकटीवरून हात फिरवला, मग भिंतीवरून, अगदी कोपऱ्यापर्यंत. पंधरा वर्षांत एक केसभर तडा नव्हता. मग त्यांनी पहार लावली, दगड उचलून कडेला घेतला आणि खाली वाकले. मी त्यांच्या शेजारीच होतो. नाणं चकचकीत होतं. ते त्यांच्या मुठीत गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

"काय नाय," बाबाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते. "काही नाही," मी बाईंना अरबीत सांगितलं.

बाई पुढे झाल्या. चुन्यात नाण्याचा गोल ठसा स्वच्छ उमटला होता. त्यांनी पट्टी लावली आणि तेवीस मिलिमीटर असं लिहून घेतलं. मग बाबाजींच्या बंद मुठीकडे जरा वेळ पाहिलं आणि या ठशाचा अर्थ काय असावा, असं विचारलं.

"त्या काळची माणसां काय काय करीत," बाबाजी म्हणाले, "कोणाक ठावक."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

कॅम्पातल्यांनी त्यांना थापाड्या ठरवलं. समाधान इलेक्ट्रिशियन तर त्यांना 'अठराशे चाळीस' म्हणून हाक मारायला लागला. मी खरं सांगायला निघालो, तर त्यांनी माझ्यावर डोळे वटारले. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्यासाठी जीवही तुटला.

महिन्याभराने त्यांचा कायमचं घरी परतायचा एक्झिट व्हिसा लागला. एअरपोर्टला निघताना त्यांनी गाडी बागेकडे वळवायला सांगितली. खोलीपुढे नवी पाटी लागली होती. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, पाटीशेजारी ताठ उभे राहिले आणि मला फोटो काढायला लावला.

"काय लिवल्यानी?"

पाटीवर अरबीत दोनच ओळी होत्या. खोली, अंदाजे १८४०. बांधणारा अज्ञात.

वीस वर्षांत दुभाष्याचं काम करताना मी जाणूनबुजून खोटं सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात दुसऱ्यांदा सांगितलं. "स्वयंपाकाची खोली," मी वाचलं. "बांधणारा बाबाजी घाडी, गवंडी."

ते पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"गावाचां नाव नाय घालूक?"

"जागा पुरली नाही, काका."

पाटी अर्धी रिकामी होती. बाबाजींनी तिच्यावर नजर फिरवली, मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसले.