गोऱ्ह्याच्या गाईचं दूध

भाकर तव्यावर पडली की वैष्णवीच्या पोटात ढवळायचं. चूल तशीच टाकून ती परसात पळायची. पंधरवडा झाला, पाणीसुद्धा पोटात टिकत नव्हतं. सासू मंजुळाबाई ओसरीवर तूर निवडत बोलायची, "आमी काय लेकरं जन्माला घातली न्हाईत? दोन पोरींच्या टायमाला तुझी इतकी थेरं नव्हती."

म्हणून सासूच शेजारच्या छबुबाईला घेऊन आली, तेव्हा वैष्णवीला खरं वाटेना.

छबुबाईनं साळीच्या लाह्या भिजवून पाणी गाळलं, चिमूटभर साखर-मीठ घातलं. आल्याच्या रसात लिंबू पिळलं. "घोट घोट घे गं माय. गटागटा पिलीस तं पुन्हा पळशील. अन् सकाळी कोरड्या लाह्या चावल्याबगर अंथरूण सोडू नको."

दोन दिवसांत गुण आला. तिसऱ्या दिवशी अर्धी भाकर पोटात राहिली. वैष्णवीचे डोळे भरून आले. "आत्याबाई, तुमी मावशीला आणलं म्हणून जगले."

"आता टिकतंय न्हवं पोटात? मग उद्यापासून सुरू करू." मंजुळाबाईनं कमरेची पुडी काढली. हनुमाननं, वैष्णवीच्या नवऱ्यानं, लांबून कुठून तरी आणलेली. "तीन सकाळी, लाह्यांबिगर दुसरं काई खायच्या आत. जिला गोऱ्हा पितो त्या गाईच्या दुधात. दोन महिने भरायच्या आत घेतलं की पोरगाच. वकलीस तं वाया जाईल, म्हणून तं छबुला आणलं. तुझ्या लाडासाठी न्हाई."

"काय हाय हिच्यात?"

"कावून? डाक्टर व्हायचंय का तुला?"

दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, असली पूड घेऊ नको, लेकराला धोका असतो. सासूपुढं नर्सचं काय चालणार?

दुसऱ्या सकाळी वैष्णवीनं लाह्या परसात फेकल्या. सासूच्या देखत पूड घातलेलं दूध प्यायली. मग चुलीपुढं बसून तापल्या तव्यावर मूठभर पीठ भुरभुरलं अन् करपट धूर छातीभर ओढला. सगळं दूध परसात गेलं. तिन्ही सकाळी तेच.

मंजुळाबाईनं छबुबाईला भर गल्लीत धरलं. "हाताला गुण हाय म्हणून मिरवती व्हय गं? तुझ्यापायी माझा नातू गेला!"

छबुबाई मागच्या अंगानं परसात आली. कोंबड्या लाह्या टिपत होत्या. तिनं लाह्यांकडं पाहिलं, मग वैष्णवीकडं.

"मावशी, तुमचं नाव माझ्यापायी खराब झालं."

"होऊ दी." छबुबाई तिच्याजवळ टेकली. "तुझ्या सासूलाबी असलीच पूड पाजली व्हती. दोनदा. पहिलं लेकरू आठव्या महिन्यात गेलं, दुसऱ्या टायमाला हनुमान झाला. गेलं ते नशिबानं गेलं न् आलं ते पुडीनं आलं, म्हणती."