शेड मास्तरांनी सांभाळलेलं ज्युनिपर

गजेंद्र पाटलांना सगळे शेड मास्तर, म्हणजे रंगछटांचे उस्ताद, म्हणत, ते काही उगाच नाही. सुरतेत, पर्वत पाटियाच्या पुढे, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली. कापडाचा बोटभर तुकडा त्यांच्या हातात द्या, हुबेहूब तोच रंग उतरवून देतील. पण रंगाची नजर रंगापुरतीच असते, हे त्या भल्या माणसाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या वंदनाताई बँकेतून निवृत्त झालेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने मुलीकडे नाशिकला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपलं कुंडीतलं ज्युनिपर गजेंद्रभाऊंच्या अंगणात आणून ठेवलं. त्या झाडाचा काय तोरा वर्णावा! मूळचं थंड हवेचं झाड, ताईंनी सुरतेच्या दमट उकाड्यात सहा वर्षं जगवलेलं. तेही नर्सरीतून उचलून आणलेलं नाही, फांद्या लावून स्वतः केलेलं. बारा फांद्यांतली एकच लागली होती.

"पाणी बेतानं बरं का, भाऊ," ताईंनी बजावलं. "मातीत बोट घालून बघायचं. आतपर्यंत कोरडी लागली तरच घालायचं."

भाऊंनी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

तिसऱ्या आठवड्यात झाडाची आतली पानं तपकिरी दिसू लागली. असली झाडं आतली जुनी पानं टाकतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण मिलमध्ये रंग फिका आला की आणखी एक डोस देतात, आणि मास्तरांना तेवढंच ठाऊक. त्यांनी सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी सुरू केलं. कुंडीत चिखल झाला, मुळं गुदमरली, आणि पंधरा दिवसांत झाडाची एक अख्खी बाजू वाळून गेली.

वंदनाताईंचा रोज फोन. "कसं आहे माझं झाड?"

"मस्त आहे, ताई. एकदम मस्त." वर ताईंनी फोटो मागितला की भाऊ पहिल्या आठवड्यातलाच फोटो पाठवून द्यायचे.

त्यांच्या बायकोला, उषाबाईंना, हे बघवेना. "त्यासले खरं सांगी द्या," त्या अहिराणीत म्हणाल्या. "गुडघा दुखस, पन कान तर शाबूत शेतस."

खरं सांगणं भाऊंना काही जमेना. दरवर्षी राखी बांधणारी ही मानलेली बहीण, नवं दुखणं, आणि वर ही बातमी द्यायची? मग त्यांनी आपल्या परीनं तोडगा काढला. झाडाचा हिरवा राहिलेला एक तुरा खिशात घातला आणि कतारगामच्या बाजूच्या तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. प्रत्येक झाडाजवळ तो तुरा उन्हात धरायचा, मग सावलीत धरायचा, डोळे बारीक करायचे. तिसऱ्या नर्सरीत, कात्रीनं निमुळत्या कापलेल्या एका झाडाशी रंग असा जुळला की भाऊंचं काळीज हलकं झालं. नर्सरीवाला म्हणाला, "एकदम मॅच छे, साहेब." झाडाचं नाव भाऊंनी विचारलंच नाही. रंग जुळल्यावर नाव कशाला हवं?

ठरल्या दिवशी ताई काठी टेकत अंगणात आल्या. भाऊंनी नव्या झाडाची कुंडी पुढे सरकवली. ताईंनी झाडावरून हात फिरवला. त्यांचं ज्युनिपर हाताला टोचायचं, हे मऊ लागलं. त्यांनी एक लांब काडी तोडली आणि दोन्ही टोकं धरून ओढली. पेरापेरावर ती सुटी होत गेली.

"भाऊ, हे तर सुरूचं झाड, डुमसच्या समुद्राकडे जाताना दिसतं ते," त्या म्हणाल्या. "याला शंकूसारखं कापलंय, म्हणून ज्युनिपरसारखं दिसतं. माझं झाड कुठंय?"

 भाऊ मागच्या दारी गेले आणि टाकीच्या आडोशाला लपवलेली ज्युनिपरची कुंडी उचलून घेऊन आले. फेकून द्यायचा धीर काही त्यांना झाला नव्हता.

ताईंनी त्या वाळक्या बाजूवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते, पण आवाज सरळ होता. "झाडं मरतात, भाऊ. माझी अकरा मेलीच की. पण मी रात्र रात्र कळ सोसायचे, आणि सकाळी तुमचं 'मस्त आहे' ऐकून मला बरं वाटायचं. ते सगळं खोटं होतं?"

भाऊंना लाज वाटली. अशी लाज त्यांना मिलमध्ये अख्खा लॉट बिघडवल्यावरही वाटली नव्हती. त्यांनी मान खाली घातली. "तुम्हाला त्रास नको, असं म्हणत होतो मी, ताई. खरं तर मलाच तुमची भीती वाटत होती."

उषाबाईंनी खुर्ची आणून दिली. ताई बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि नखानं एका फांदीची साल खरवडली. आत कोरडं तपकिरी. दुसरी खरवडली, तिथंही तेच. तिसरीच्या खाली ओलसर हिरवी रेघ दिसली, पण ती ताईंनी भाऊंना दाखवली नाही. त्यांनी कुंडी भाऊंकडे वळवली.

"सांगा. आज कसं आहे माझं झाड?"

भाऊ उकिडवे बसले. पहिल्यांदाच त्यांनी रंग न बघता मातीत बोट घातलं. मग प्रत्येक फांदी हातात धरून, साल खरवडून, सावकाश बघितली.

"वाईट आहे, ताई," ते म्हणाले. "अर्ध्याहून जास्त गेलंय. उरलेलं जगेल की नाही, मला सांगता येत नाही."

"हं," वंदनाताई म्हणाल्या. "आता वाळकं छाटायला कात्री आणा. झाड तुमच्याकडेच राहू दे, आणि रोज सकाळी मला असंच खरं सांगायचं."