मशीनवरची फळी

सासूबाईंचं खोकं कित्येक महिने पलंगाखाली बांधलेलं पडून होतं आणि ते मास्तरांच्या डोळ्यांत खुपत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आल्या, तेव्हा त्यांनी आपली भाड्याची खोली सोडली, भांडीकुंडी वाटून टाकली आणि रंगीत काचेच्या बाटल्यांचं हे एक खोकं तेवढं बरोबर आणलं. अत्तराच्या, शाईच्या, औषधाच्या. जिथे दिसली तिथून उचललेल्या, आयुष्यभर जमवलेल्या. गुडघा बरा झाला, पण खोकं काही सुटलं नाही. "कशाला सोडायचं? पुन्हा बांधायचंच आहे," असं म्हणून त्या विषय मिटवत. आता महिनाअखेरीला जुन्या गल्लीत एका मैत्रिणीच्या माडीवर राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. वय ऐंशीला टेकलेलं, गुडघा नवा, आणि राहायचं माडीवर. याला काय म्हणावं?

सासू निघाली की जावई मनातल्या मनात पेढे वाटतो, असं जग म्हणतं. मास्तरांचं उलटं झालं होतं. रोज दुपारी सासूबाई त्यांच्याजवळ स्टूल ओढून काजं-बटणं करत बसायच्या. गिऱ्हाईक असेपर्यंत गोड हसायच्या आणि त्याची पाठ वळली की, "याला खांदेच नाहीत हो, कोट अडकवणार कशाला?" म्हणायच्या. मास्तरांची बाही चुकली तर तेही तोंडावर सांगायच्या. इतकी वर्षं मास्तर त्या मशीनशी एकटेच बसत आले होते आणि त्यात काही उणं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता सासूबाई जाणार म्हटल्यावर ते रिकामं स्टूल त्यांना आत्तापासूनच दिसायला लागलं होतं.

"तू सांग ना त्यांना, राहा म्हणून," ते बायकोला म्हणाले.

"मी कशाला? तिला राहायचं असतं तर ती बोलली असती."

सासूबाईंना आडून विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिला मी हवी असते तर ती बोलली असती." मायलेकी एकाच माळेचे मणी. राहता राहिले मास्तर; पण मागायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. हातांनी काही करता आलं तर बघावं, एवढंच त्यांना सुचलं. सासूबाईंच्या खोलीत भिंतीवर एक देखणी फळी लावायची. समोर फळी असल्यावर बाटल्या खोक्यात कोण ठेवील?

खिशाला चाट न लावता काम करायचं होतं. मोडक्या पलंगाची एक लांब फळी मोरीच्या वरच्या माळ्यावर पडून होती, तीच त्यांनी उतरवली. पॉलिश पेपरने घासघासून आतलं पिवळंधमक लाकूड बाहेर काढलं. दोन लोखंडी ब्रॅकेट आणि स्क्रू तेवढे विकत आणले. ड्रिल शेजारच्या वायरमनकडून मागून आणलं, रंग दाराला लावून उरलेला होता. फळीच्या पुढच्या कडेला लावायच्या पट्टीवर त्यांनी शिंप्याच्या खडूने कंगोरे आखले. लहान मुलींच्या फ्रॉकच्या घेराला काढतात तेच, त्याच पुठ्ठ्याच्या फर्म्याने. बारीक करवतीने कापताना दोन बोटं सोलली. पण पट्टी अशी उतरली की पहिला कंगोरा एका टोकाला बरोबर सुरू होऊन शेवटचा दुसऱ्या टोकाला बरोबर संपला. मास्तर स्वतःवरच खूश झाले.

फळी घेऊन ते सासूबाईंच्या खोलीत गेले आणि खिडकी न् कपाटाच्या मधल्या जागेत लावून बघायला लागले. फळी बसेना. तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली. मग त्यांच्या लक्षात आलं. टेपने माप घेतलं होतं अगदी अचूक. पण कापताना हाताने सवयीप्रमाणे दोन्हीकडे शिलाईसाठी जादा माया सोडली होती.

"लाकूड काय दुमडून घालणार होता?" बायको दारातून म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

आता कापावी, तर टोकाचे कंगोरे जातात. जीव होईना. एवढी लांब फळी मावेल अशी मोकळी भिंत घरात एकच होती, दुकानातली, मशीनच्या वरची. मास्तरांनी तिथे भोकं पाडली, ब्रॅकेट ठोकले आणि फळी चढवली.

दुपारी सासूबाई स्टुलावर येऊन बसल्या आणि वर बघत राहिल्या.

"कंगोरे छान उतरलेत. रिळं ठेवणार वाटतं?"

"तुमच्या बाटल्या."

सासूबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला. "मी महिनाअखेरीला निघाले, मास्तर."

"नका जाऊ ना आई," मास्तर म्हणाले. शब्द निघूनच गेले. मग पुढचेही थांबेनात. "मला करमायचं नाही. तुमच्या लेकीलाही नाही, ती बोलणार नाही एवढंच. बाही चुकली तर मला सांगणार कोण?"

सासूबाईंनी सुई खाली ठेवली. उठून त्यांनी एक रीळ फळीवर उभं केलं. "मशीन चालवा बघू."

मास्तरांनी पाय मारला. मशीन भिंतीला टेकलेली, तिचा हादरा भिंतीतून थेट फळीला. रीळ थरथरत, नाचत कडेला आलं आणि मास्तरांच्या मांडीवर पडलं.

"बघा. माझ्या बाटल्यांचा चुरा होईल," असं म्हणून सासूबाई आत निघून गेल्या.

मास्तरांनी मांडीवरचं रीळ उचलून बाजूला ठेवलं. एक गिऱ्हाईक डोकावलं, त्याला त्यांनी उद्या या म्हणून वाटेला लावलं. मग फळी काढून टाकावी म्हणून ते स्क्रूड्रायव्हर शोधायला लागले.

तेवढ्यात आतून काहीतरी सरपटत येत असल्याचा आवाज आला. खोकं होतं. एका बाजूने सासूबाई, दुसऱ्या बाजूने बायको. "अगं, गुडघा सांभाळ," "तू नीट धर आधी," असं दोघींचं चाललेलं. सासूबाईंनी मास्तरांचीच कात्री उचलून सुतळी कापली आणि एकेक बाटली काढून, सोडवून कटिंगच्या टेबलावर ठेवली. निळी, हिरवी, मधाच्या रंगाची. प्रत्येक बाटली जुन्या गोधडीच्या जाड तुकड्यात गुंडाळलेली होती. बाटल्या बाजूला राहिल्या. सासूबाईंनी तुकडेच गोळा केले, झटकले आणि मास्तरांपुढे ठेवले.

"हे सगळे एकमेकांना जोडा आणि फळीच्या मापाची एक पट्टी शिवा. बाटल्यांखाली अंथरली की हादरा लागायचा नाही."

मास्तरांनी तुकडे हातात घेतले. एकदा बायकोकडे बघितलं, एकदा रिकाम्या खोक्याकडे. विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं.

"पण आई, हे शिवून टाकले तर बाटल्या परत बांधायच्या कशात?"

बायको हातातली बाटली पुसायची थांबली.

सासूबाईंनी स्टूल मशीनजवळ ओढलं, बसल्या आणि चष्मा लावला.

"टीप बारीक घाला, मास्तर," त्या म्हणाल्या. "उसवायची नाहीये."