साहेबाला आवडलेलं वाचन

अमेरिकेत लढाई जुंपली आणि अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गोरे व्यापारी कॅम्पात बंगले थाटून बसले, तशी माझ्या मावसभावाला, चिंतामणाला, भिक्षुकी सोडायची दुर्बुद्धी सुचली. इंग्रजी मुळाक्षरं त्यानं कचेरीतल्या एका कारकुनाकडून घेतली होती. पुढचं सगळं एका फाटक्या पुस्तकावरून पाठ केलं, वेद पाठ करतात तसं, मांडी घालून, खणखणीत आवाजात. लिहिलेलं अक्षर गिळलं तर पाप लागतं, हे त्याच्या अंगात मुंजीपासून भिनलेलं. इंग्रज अक्षरं लिहितात आणि खुशाल गिळतात, हे त्याला कोण सांगणार? लबाडांची लिपीही लबाडच!

त्यांतल्याच एका साहेबानं परीक्षेला एक पान वाचायला दिलं. नॉलेजला चिंतामण 'क्नोवलेडगे' म्हणाला आणि साहेबाच्या तोंडातला चिरूट खाली पडला. नोकरी तिथल्या तिथे मिळाली. काम एकच, पाहुणे जेवायला आले की उभं राहून वाचायचं.

"साहेब लय खूश हाये माह्यावर," तो मला सांगायचा. "आयकता आयकता डोयात पानी येते त्याच्या."

शेवटी मला राहवलं नाही. "अरे येड्या, ते तुले हासून राह्यले!"

महिनाभर तो माझ्या ओट्यावर फिरकला नाही. पण ते त्याला झोंबलं होतं. तो साहेबाच्या मुसलमान खानसाम्याकडे, इंग्रजी येणाऱ्या त्या आचाऱ्याकडे, गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसून एकेक शब्द नव्यानं शिकला. गावात बोभाटा झाला. ब्राह्मणांनी त्याला पंगतीतून उठवलं, यजमानांनी बोलावणं बंद केलं. आता त्याची आणि त्याच्या बायकोची, रुख्मिणीची, चूल त्या नोकरीवरच पेटत होती. तरी गडी खुशीत होता. "आता हासून दाखवा म्हणा," असं म्हणून तो मला मुद्दाम बंगल्यावर घेऊन गेला. मी व्हरांड्यात उभा राहिलो.

त्यानं अस्खलित वाचलं. मला एक शब्द कळला नाही, पण चूक नव्हती हे समोरच्यांच्या तोंडावरून कळलं. कोणी हसलं नाही. एका मडमेनं जांभई दिली. दुसरा पाहुणा शेजाऱ्याशी पावसापाण्याचं बोलू लागला.

साहेबानं हात वर केला. "पंडित, पहले जैसा पढो. नहीं तो कल से मत आना."

चिंतामणानं दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. चल घरी, एवढं म्हणायची माझी छाती झाली नाही. घरी नेऊन मी त्याला काय खाऊ घालणार होतो?

त्यानं पान उलटलं आणि तो पहिल्यासारखं वाचायला लागला. हशा उसळला. साहेबाचा संताप मला आजही येतो. पण त्या रात्रीचं मनातून जात नाही ते वेगळंच. प्रत्येक शब्दानंतर चिंतामण थोडा थांबत होता, त्यांचं हसून होईपर्यंत.